टूरिंगसाठी नवी मोटारसायकल : बुकिंगपासून पहिल्या मुक्कामापर्यंत

पहिले काम शोरूममध्ये पाऊल ठेवण्याआधी घरीच उरकायचे आहे. मागच्या दोन वर्षांत तुम्ही खरोखर कुठे कुठे गेलात, एका दिवसात किती किलोमीटर चालवलेत, मागे कोणी बसले होते का आणि सोबत किती सामान होते, याची यादी कागदावर लिहून काढा. लडाख या यादीत बहुधा एकदाच येईल आणि तेही 'जायचे आहे' या सदरात. बाकीच्या नोंदी ताम्हिणीच्या, दापोलीच्या, गावाकडच्या जत्रेच्या आणि कोल्हापूरच्या लग्नाच्या असतील. गाडी निवडायची ती या नोंदींसाठी. लडाखला त्याच गाडीने जाता येते. पण लडाखसाठी घेतलेली उंच आणि जड गाडी रोज पार्किंगमधून बाहेर काढताना कंबरडे मोडते, असा अनुभव घेतलेले चालक प्रत्येक ग्रुपमध्ये सापडतात.

महाराष्ट्रातील चालकाने रस्त्यांचाही विचार करायला हवा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि मुंबईचा किनारी रस्ता या चारही ठिकाणी दुचाकीला मनाई आहे. म्हणजे आपल्या वाट्याला येतात ते जुने महामार्ग, घाट, राज्यमार्ग आणि कोकणातले अरुंद रस्ते. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही, ही त्यातली जमेची बाजू. या रस्त्यांवर दिवसभराची सुखाची चाल ताशी ६० ते ९० किलोमीटरच्या दरम्यान राहते, त्यामुळे कमाल वेगाच्या आकड्यापेक्षा ८० च्या वेगाला गाडी किती शांत चालते, चौथ्या गिअरमध्ये घाट किती सहज चढते आणि टाकी भरल्यावर किती अंतर जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे जास्त कामाची ठरतात.

उंची आणि वजन अंगावर घेऊन पाहा

माहितीपत्रकातल्या अश्वशक्तीकडे वळण्याआधी सीटची उंची आणि गाडीचे वजन हे दोन आकडे पाहावेत. उदाहरणार्थ, रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटर उंच आणि वजन १९१ किलो आहे. हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिलिमीटरवर असून ती ८४५ पर्यंत वर घेता येते आणि तिचे वजन १९६ किलो आहे. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्सची सीट ८३५ मिलिमीटर उंच असली तरी वजन मात्र १६७ किलोच आहे. मीटिऑर आणि हिमालयन यांच्या वजनात जेमतेम पाच किलोंचा फरक दिसतो. पण एकीवर दोन्ही पाय सपाट टेकतात आणि दुसरीवर साडेपाच फुटांच्या माणसाचे फक्त चवडे टेकतात, म्हणून उभ्या गाडीचा तोल सांभाळताना तेच वजन दुसरीवर कितीतरी जास्त वाटते.

शोरूममध्ये नुसते बसून फोटो काढण्यापेक्षा पुढील गोष्टी करून पाहाव्यात. इंजिन बंद ठेवून, सीटवर बसल्या बसल्या पायांनी रेटत गाडी दहा फूट मागे घ्या. मग खाली उतरून हँडल धरून तिला वळवा. साइड स्टँडवरून सरळ करा आणि पुन्हा टेकवा; मेन स्टँड असेल तर त्यावर चढवून पाहा. ज्यांना वेसवी–बागमांडला किंवा दाभोळ–धोपावे अशा जेट्टींवरून कोकण करायचे आहे, त्यांनी हे विशेष मनावर घ्यावे. ओहोटीच्या वेळी जेट्टीचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो, पुढे फेरीबोटीचा लोखंडी फळा येतो, मागून जीपवाला हॉर्न देत असतो आणि नेमके तेव्हा पाय टेकायला जमीन दोन इंच खाली असते. गाडी पडते ती अशा ठिकाणी आणि शून्य वेगाला.

टेस्ट राइड दोन चौकांची देऊन बोळवण केली जात असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा आणि किमान अर्धा तास मागून घ्या. नेहमी मागे बसणारी व्यक्ती सोबत न्या. गाडीच्या निर्णयात तिचे मत निम्मे असले पाहिजे, कारण पुढच्याला धरायला हँडल असते, मागच्याला दिवसभर सीटच्या त्या एक वीत जागेवर तग धरावा लागतो.

किंमत नीट वाचा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या इंजिनांवर ४० टक्के जीएसटी आहे. विम्यातही हीच रेषा आडवी येते. नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असून, २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीसाठी त्याचा मूळ हप्ता ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये आहे. ३४९ सीसीची गाडी आणि ४५० सीसीची गाडी यांची तुलना करताना त्यामुळे केवळ शोरूम किंमत पाहून भागत नाही. मोठ्या इंजिनाचा उपयोग तुमच्या यादीतल्या प्रवासांत खरोखर होणार आहे का, हा प्रश्न या टप्प्यावर स्वतःला पुन्हा एकदा विचारावा.

कोटेशन नेहमी लेखी घ्या आणि त्यातली प्रत्येक ओळ समजून घ्या. 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक्स', 'किट' अशा नावांनी काही रक्कम लावलेली असेल तर ती कशाबद्दल आहे, हे शांतपणे विचारावे. नुसत्या विचारण्यानेही तो आकडा पुष्कळदा खाली येतो. विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही, तेव्हा बाहेरचा दर काढून तो समोर ठेवा. जोडीच्या संरक्षणांपैकी झीरो डेप्रिसिएशन (दाव्यात भागांचा घसारा वजा न होणे) आणि रोडसाइड असिस्टन्स (वाटेत गाडी बंद पडल्यास मदत) टूरिंगवाल्याने घ्यावेत, असे माझे मत आहे. इंजिन प्रोटेक्शनही (पाणी शिरून इंजिन बिघडल्यास भरपाई) पावसाळ्यात फिरणाऱ्याला निरुपयोगी म्हणता येणार नाही.

आणखी एक सल्ला आहे आणि तो नव्या खरेदीदाराला सहसा रुचत नाही. ऑन-रोड किमतीच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम बाजूला राखून मगच गाडीचे बजेट ठरवा. ती रक्कम अंगावरच्या साहित्यासाठी आणि पुढे येणाऱ्या सुधारणांसाठी लागणार आहे. सगळे पैसे गाडीत घालून हेल्मेट जुनेच वापरणे हा उलटा हिशेब झाला.

ताबा घेताना

पाडवा किंवा दसऱ्याचा मुहूर्त धरायचा असेल तर जरूर धरा, पण गाडी त्याच्या आदल्या दिवशी दिवसाउजेडी तपासून घ्या. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये लग्नघरासारखी गर्दी असते आणि चाकाखाली लिंबू ठेवल्यावर चेसिस नंबर ताडून पाहण्याचे धैर्य कोणालाच होत नाही.

तपासताना कागदपत्रांवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा आणि उत्पादनाचा महिना-वर्ष पाहा, कारण तोच पुढे आरसीवर येतो आणि गाडी विकताना त्यावरच भाव ठरतो. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे उठवलेले असतात. तिथे ३२२५ असेल तर तो टायर २०२५ च्या ३२ व्या आठवड्यात तयार झाला आहे. गाडी यंदाची आणि टायर दीड वर्षापूर्वीचा, असे दिसले तर लगेच विचारावे. त्यानंतर रंगावरचे ओरखडे, फोर्कच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ, कुलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी, सगळे दिवे, दोन्ही किल्ल्या आणि टूलकिट पाहून घ्या. नोंदणी झाल्याशिवाय विक्रेत्याने गाडी रस्त्यावर देणे नियमाला धरून नाही, म्हणून 'नंबर आठ दिवसांत येईल, तोवर चालवा' या आश्वासनावर गाडी बाहेर काढू नका.

पहिले हजार किलोमीटर : काहीही विकत घेऊ नका

या लेखात मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा इथे आहे. गाडी घरी आल्या आल्या ॲक्सेसरीजची यादी घेऊन दुकानात धावण्याचा मोह होतो. त्याऐवजी एक छोटी वही घ्या आणि प्रत्येक फेरीनंतर दोन ओळी लिहा : काय दुखले, किती किलोमीटरनंतर दुखले, कशाची अडचण झाली. 'ऐंशीच्या पुढे डोक्याभोवती वारा भणभणतो.' 'नव्वद किलोमीटरनंतर उजवे मनगट.' 'रेनकोट ठेवायला जागा नाही.' हजार किलोमीटर पुरे झाले की वहीत तीन-चार तक्रारी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील. पैसे त्या तक्रारींवर खर्च करायचे. एकदाच आलेली तक्रार बहुतेक वेळा त्या दिवसाची असते, गाडीची नसते.

याच काळात इंजिन रुळवायचे असते. मॅन्युअलमध्ये दिलेली आरपीएमची, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांची मर्यादा पाळा, एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नका आणि पहिली सर्व्हिस, जी बहुतेक गाड्यांना ५०० किलोमीटरच्या आसपास असते, ती चुकवू नका.

फुकट होणाऱ्या सुधारणा

वहीतल्या निम्म्या तक्रारी पान्याने मिटतात. कारखान्यातून गाडी सरासरी माणसासाठी जुळवून येते आणि आपण कोणीच तसे नसतो.

क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरपासून सुरुवात करा. सीटवर नेहमीसारखे बसा, डोळे मिटा, हात हँडलवर ठेवा आणि बोटे सरळ पुढे सोडा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेषा झाली पाहिजे आणि बोटे थेट लिव्हरवर पडली पाहिजेत. लिव्हर वर असेल तर दर वेळी मनगट मागे मोडते. शहरात ते कळत नाही, वरंधा घाट उतरताना मात्र हमखास कळते. लिव्हर धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट किंचित सैल करून लिव्हर फिरवता येते. माझ्या मनगटाचे दुखणे, ज्यासाठी मी हँडल रायझर (हँडल उंच करणारा जोडभाग) मागवण्याच्या बेतात होतो, लिव्हर एक बोटभर खाली फिरवल्यावर थांबले.

मागच्या ब्रेकचे पेडल आणि गिअरचा पाय यांची उंचीही बुटाप्रमाणे जुळवता येते. टूरिंगचे बूट जाड असतात, त्यामुळे चपलेवर जुळवलेला गिअर बुटाने अडतो; हे काम बूट घालूनच करावे. त्यानंतर मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगचा ताण पाहा. एकट्याने चालवताना ठेवलेल्या ताणावर मागे माणूस आणि सामान चढवले की गाडीचे बूड खाली जाते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि वळणावर पुढचे चाक हलके वाटते. बऱ्याच गाड्यांच्या टूलकिटमध्ये यासाठी हुकासारखा वाकडा पाना दिलेला असतो. तो प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढता गाडी विकणारे लोक मी पाहिले आहेत. टायरमधली हवाही याच हिशेबात येते. एकट्याचा आणि दोघांचा आकडा वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि हवा टायर थंड असतानाच तपासायची असते.

पैसे खर्च करायचे तर कोणत्या क्रमाने

सर्वांत आधी हेल्मेट. आयएसआयचे चिन्ह कायद्याने आवश्यक आहे, पण मापाकडे त्याहून जास्त लक्ष द्यावे. दुकानात हेल्मेट घालून वीस मिनिटे थांबा. कपाळावर एका जागी टोचत असेल तर तो आकार तुमच्या डोक्याचा नाही आणि दोनशे किलोमीटरवर तेच डोकेदुखीचे कारण होईल. गाल घट्ट दाबले गेले तर चालतील, ते फोम पुढे सैलावतात. पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ढकलून पाहा. डोक्यावरून निघता कामा नये. काच पारदर्शकच घ्या, कारण काळ्या काचेने संध्याकाळनंतर खड्डे दिसत नाहीत. त्यानंतर हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि खांदे, कोपर व पाठीला संरक्षक पॅड असलेले जॅकेट. आपल्या हवामानात जाळीचे जॅकेट बरे, कारण उकडते म्हणून कपाटात राहिलेले जाड जॅकेट कोणाचेच रक्षण करत नाही. रेनसूट मात्र वरून चढवायचा वेगळा घ्यावा.

दुसऱ्या क्रमांकावर पंक्चर. टायर ट्यूबलेस असतील तर पट्ट्यांचे पंक्चर किट आणि बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप पुरतो. घराच्या अंगणात एकदा सराव करून ठेवावा. तारांच्या चाकांत ट्यूब असेल तर गोष्ट अवघड होते, कारण चाक काढावे लागते. हिमालयन ४५० सुरुवातीला ट्यूबच्या चाकांवर आली आणि २०२४ मध्ये तिला ट्यूबलेस तारांच्या चाकांचा पर्याय मिळाला. असा पर्याय ज्या गाडीला आहे तिथे तो बुकिंगच्या वेळीच घ्यावा.

तिसरे म्हणजे पडल्यावर वाचवणारे भाग. इंजिनाभोवतीचा क्रॅश गार्ड आणि लिव्हर वाचवणारे हँड गार्ड यांची किंमत पहिल्याच पडझडीत वसूल होते. इंजिनाला कुलंट असेल तर रेडिएटरची जाळी घ्या. एका खड्याने फुटलेला रेडिएटर आडवाटेला गाडी जागच्या जागी उभी करतो. इंजिनाचा तळ वाचवणारी बॅश प्लेट डांबरी रस्त्यापुरती गाडी वापरणाऱ्याने नंतर पाहिली तरी चालेल.

सामानाच्या बाबतीत आधी बेरीज करा, मग बॅग निवडा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या एकूण कमाल वजनातून गाडीचे वजन वजा केले की वाहून नेण्याची क्षमता मिळते. समजा ती १८० किलो आहे. चालवणारा ७५, मागची व्यक्ती ६५ आणि दोघांचे जॅकेट, बूट, हेल्मेट मिळून १० किलो धरले, तर उरतात ३० किलो. टॉप बॉक्स आणि त्याची लोखंडी फ्रेम यांतच आठ-दहा किलो गेले की कपड्यांसाठी वीस उरले. शिवाय टॉप बॉक्सचे वजन मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे आणि उंचावर बसते, म्हणून त्यात हलके सामान ठेवावे आणि जड वस्तू टाकीवरच्या किंवा बाजूच्या बॅगांत खाली घ्याव्यात. सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी सॅडल बॅग स्वस्त आणि चांगल्या, पण त्यांना आधार देणारी लोखंडी चौकट, म्हणजे स्टे, बसवल्याशिवाय निघू नका. माझी उजवी बॅग पहिल्याच सहलीत सायलेन्सरला टेकली आणि मुक्कामी उघडली तेव्हा तळाला बशीएवढे भोक, त्याखाली वितळून चिकटलेला टॉवेल आणि आठवडाभर न गेलेला जळका वास, एवढा ऐवज हाती आला.

फोनचा होल्डर कंपन शोषणारा भाग असलेला घ्या. इंजिनाच्या कंपनाने कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, अशी सूचना ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच दिली होती.

गाडीची पुढची, वारा अडवणारी काच बदलण्याआधी एक प्रयोग करा. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी साठ-सत्तरच्या वेगाला क्षणभर सीटवरून किंचित उठा. डोके वर गेल्यावर भणभण थांबली तर सध्याच्या काचेवरून येणारा वाऱ्याचा भोवरा तुमच्या हेल्मेटवर आदळतो आहे. अशा वेळी उंच काच उपयोगी पडेलच असे नाही. कधी कधी आखूड काचेने, नाहीतर वर बसवायच्या छोट्या पट्टीने काम होते. सीट दुखत असेल तर आधी सायकलवाल्यांची पॅड असलेली चड्डी घालून पाहा, ती सीट बदलण्यापेक्षा फार स्वस्त पडते. सीटवर टाकायच्या हवेच्या गादीने सीटची उंची थोडी वाढते, हे कमी उंचीच्या चालकाने लक्षात ठेवावे.

जादा दिवे मी मुद्दाम शेवटी घेतो. ते उपयोगाचे आहेत, पण सर्वांत जास्त बिघाड तेच आणतात. माझ्या आधीच्या गाडीला एका दुकानात दिवे लावून घेतले. कारागिराने हेडलाइटची वायर सोलून तिथेच जोड दिला आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. पहिल्या पावसात आंबोली घाटात, समोर धुके आणि डावीकडे दरी असताना, जादा दिव्यांबरोबर मूळ हेडलाइटही विझला. मोबाइलच्या उजेडात चिकटपट्टी सोडवली तेव्हा आतून पाणी ठिबकत होते. म्हणून दिवे लावायचेच असतील तर रिले (दिव्यांना वेगळी वीज देणारा विजेवर चालणारा स्विच) आणि स्वतंत्र फ्यूज असलेली, कपलरने (तयार प्लगने) जोडली जाणारी तयार वायरिंग घ्या, मूळ वायर कापू देऊ नका आणि शक्य असल्यास कंपनीचेच साहित्य अधिकृत ठिकाणी बसवून घ्या, म्हणजे वॉरंटीचा वाद उभा राहत नाही. समोरून वाहन आले की हे दिवे बंद करता यावेत, यासाठी स्विच अंगठ्याशी असावा.

सायलेन्सर बदलण्याच्या फंदात पडू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. आवाजाचा दंड आणि विम्याच्या दाव्यातली अडचण हे पुढचे. शिवाय दिवसभर त्या आवाजाशेजारी बसायचे असते ते आपल्यालाच.

पहिला मुक्काम

सगळे बसवून झाले की एकदम आठ दिवसांची सहल आखू नका. एका रात्रीचा मुक्काम, जाऊन-येऊन तीनशे ते चारशे किलोमीटर, थोडा घाट, थोडा महामार्ग आणि थोडा खराब रस्ता असा मार्ग निवडा. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव आणि तिथून दिवेआगर किंवा श्रीवर्धन हा मार्ग या कामाला उत्तम आहे. सामान पूर्ण भरून न्या, लागणार नसले तरी.

परत आल्यावर गाडी धुण्याआधी पाना हातात घ्या. क्रॅश गार्ड, बॅगेचे स्टे, फोनचा होल्डर आणि आरसे यांचे बोल्ट पहिल्या सहलीत हमखास सैल होतात. ते घट्ट करून प्रत्येकावर मार्करने एक रेघ ओढून ठेवली तर पुढच्या वेळी सैल झालेला बोल्ट नजरेने ओळखता येतो. साखळीचा ढिलेपणा मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा आणि ती पुसून वंगण द्या. त्यानंतर दर ५०० किलोमीटरला, आणि पावसात त्याहून लवकर. बाहेरून बसवलेल्या महागड्या वस्तूंची बिले विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या, कारण न नोंदवलेल्या ॲक्सेसरीजची भरपाई मिळत नाही. आणि वहीत त्या दोन दिवसांच्या तक्रारी लिहून ठेवा. पुढची खरेदी त्यातूनच ठरेल.